वाडीचे टोप कोणी घासायचे? रजिस्टरच्या वरच्या बिटांवरून एक वाद

खाडीकाठ (धागाकर्ता):

आमच्या वाडीत सामायिक भांडी आहेत. लग्न असो, सत्यनारायण असो, गणपतीतलं जेवण असो, मोठे टोप आणि पराती घरोघर फिरतात. रिवाज एकच: ज्याने वापरलं त्याने घासून, पालथं घालून पुढे द्यायचं. खाडीपलीकडच्या वाडीत उलट आहे. तिथे टोप आहे तसा पुढच्या घरी जातो आणि ज्याला शिजवायचंय तो आधी घासून घेतो. दोन्ही रिवाज चालतात. घोटाळा होतो तो टोप तरीतून पलीकडून आमच्याकडे आला की. त्यांनी घासलेला नसतो, आणि आम्ही घासलेलाच आहे असं धरून त्यात खीर चढवतो.

माझ्या कामात नेमकं हेच झालं, म्हणून हा धागा.

रत्नागिरीजवळच्या एका मासळी गोठवणाऱ्या कारखान्यासाठी मी तापमानावर नजर ठेवणारी छोटी यंत्रणा केली. सेन्सर, ६४ बिट आर्मचा लिनक्स बोर्ड, भोंगा. तापमान अंशाच्या दहाव्या भागात, चिन्हासहित १६ बिटांच्या पूर्णांकात. म्हणजे उणे १८ अंश असेल तर आकडा उणे १८०. मर्यादा उणे १५ अंशांची, म्हणजे उणे १५०. तापमान त्याच्या वर गेलं की भोंगा. मर्यादा तपासणारं फंक्शन मी असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या सूचना एकेक करून हाताने लिहायच्या भाषेत, लिहिलं होतं. सी मध्येही झालं असतं, पण मला शिकायचं होतं. लिहिलं, तपासलं, सगळं माझ्या ऍपलच्या आर्म लॅपटॉपवर. उणे आकडे, अधिक आकडे, शून्य, सगळं बरोबर. मग तोच मजकूर लिनक्स बोर्डवर नेला. नावापुढची अंडरस्कोर काढली, बाकी एक अक्षर बदललं नाही. घरी टेबलावर बोर्ड ठेवून पाहिला. खोलीत २८ अंश, आकडा २८०, मर्यादेच्या वर, भोंगा वाजला. वाजायलाच हवा होता. मी समाधानाने बोर्ड कारखान्यात बसवला.

पहिल्याच रात्री दोन वाजता फोन. भोंगा थांबत नव्हता. शीतगृहाच्या दारावरचा साधा तापमापक मात्र उणे १८ दाखवत होता. मी पोचलो आणि तीन तास वायरी तपासत बसलो, कारण आपल्याकडच्या खाऱ्या हवेत सेन्सरच्या पिना गंजतात, हा नेहमीचा अनुभव. शेवटी लॉगमध्ये आकडा छापून पाहिला: ६५३५६. ६५५३६ मधून १८० वजा करा, तोच येतो. उणे १८० चे खालचे १६ बिट बरोबर होते, वरचे १६ बिट शून्य होते, आणि माझं फंक्शन पूर्ण ३२ बिट वाचत होतं.

आता नियम काय म्हणतो ते सांगतो. फंक्शनला हाक मारणारा म्हणजे कॉलर, आणि हाकेला ओ देणारा म्हणजे कॉली. आर्मच्या ६४ बिट मानकात रजिस्टरमधून (प्रोसेसरच्या आतली आकडा ठेवायची जागा) लहान पूर्णांक पाठवला तर उरलेल्या बिटांत काय असेल याची हमी नाही. हवं असेल तर कॉलीने स्वतः चिन्ह पसरून घ्यायचं, म्हणजे आकडा उणे असेल तर वरच्या बिटांत एक भरायचे, नाहीतर शून्य; हेच आपलं टोप घासणं. ऍपलने स्वतःच्या आर्म यंत्रांवर हाच नियम बदलला: ३२ बिटांपेक्षा लहान आर्ग्युमेंट (फंक्शनला पाठवलेला आकडा) कॉलरने ३२ बिटांपर्यंत रुंद करून द्यायचं. प्रोसेसर एकाच घराण्याचा, सूचना त्याच, आणि रिवाज उलटे. लिनक्सवरच्या कंपायलरने (सी चा मजकूर यंत्राच्या सूचनांत बदलणारा प्रोग्राम) मेमरीतून १६ बिट उचलताना वरती शून्यं भरली. तशी त्याला पूर्ण मुभा होती. चूक माझीच, मी मानक वाचलं नव्हतं.

पण त्यानंतर मी बरंच वाचलं आणि माझं मत पक्कं झालंय: हे काम कॉलरचंच असायला हवं, सगळीकडे, लेखी. कारण आकडा कुठून आला हे त्यालाच ठाऊक असतं. मेमरीतून उचलताना चिन्ह पसरून उचलणारी सूचना त्याच किमतीत मिळते. आकडा कोडमध्येच लिहिलेला असेल तर तो आधीच रुंद असतो. म्हणजे कॉलरकडे टोप बहुतेक वेळा घासलेलाच असतो, त्याला फक्त तो खरकटा न करता द्यायचाय. कॉलीपुढे मात्र झाकलेला टोप येतो. त्याला दरवेळी घासावाच लागतो.

पटत नसेल त्यांनी नक्की लिहा.

---

सुरंगी:

पटत नाही. तुमच्या टोपाच्याच भाषेत बोलते: टोपात शिजवणार मी, जेवणार माझी मुलं. देणाऱ्याने घासला असं तो सांगतो म्हणून मी न विसळता दूध ओतणार नाही.

मी लिनक्स कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, आसपास काम करते, आणि तुमच्या "कॉलरवर विश्वास ठेवा" नियमाने काय होतं याचं नोंदलेलं उदाहरण आहे: सुरक्षेच्या त्रुटींच्या सार्वजनिक यादीतली सीव्हीई-२००९-००२९. एस३९०, पॉवरपीसी, स्पार्क६४ आणि ६४ बिट मिप्स, या चारही प्रोसेसर घराण्यांवर एबीआय (फंक्शनांनी एकमेकांना आकडे कसे द्यायचे याचा त्या यंत्रावरचा करार) म्हणतो की ३२ बिटांचं आर्ग्युमेंट ६४ बिट रजिस्टरमध्ये ठेवताना ते कॉलरने नीट रुंद करून द्यायचं. लेखी नियम, तुम्हाला हवा तसाच. कर्नलमधली फंक्शनंही त्याच नियमावर विसंबून कंपाइल झालेली. पण सिस्टिम कॉलमध्ये, म्हणजे प्रोग्रामने कर्नलला मारलेल्या हाकेत, कॉलर असतो तो युजरचा प्रोग्राम. त्याने मुद्दाम वरच्या ३२ बिटांत कचरा ठेवला तर? कर्नलमधला कोड आकडा मर्यादेत आहे का ते खालच्या ३२ बिटांवर तपासणार आणि पुढे पत्ता काढताना सगळे ६४ वापरणार. तपासलेला आकडा एक, वापरलेला दुसरा. यंत्र बंद पाडता येत होतं, कदाचित जादा अधिकारही मिळवता येत होते. २.६.२८ आणि त्याआधीची कर्नलं यात सापडली.

दुरुस्ती कशी केली तेही पाहा. सिस्टिम कॉलची व्याख्या करायला एक मॅक्रो (कोडचा साचा) आणला. तो सगळी आर्ग्युमेंट आधी लाँग म्हणून, पूर्ण रुंदीने घेतो आणि मग आत त्यांना खऱ्या प्रकारात बदलतो. थोडक्यात, घासण्याचं काम कॉलीकडे आणलं. शेकडो सिस्टिम कॉलच्या व्याख्या त्यासाठी बदलाव्या लागल्या.

दुसरा मुद्दा जागेचा. एका फंक्शनला चाळीस ठिकाणांहून हाक जात असेल तर कॉलरच्या नियमात रुंद करण्याची सूचना चाळीस ठिकाणी येऊ शकते, कॉलीच्या नियमात एकदाच. आणि पुष्कळदा ती एकदाही लागत नाही. एक बाइट घेऊन तो बफरमध्ये ठेवणारं फंक्शन घ्या. ठेवण्याची सूचना खालचे ८ बिटच लिहिते, वर काय आहे याच्याशी तिचा संबंध नाही. तिथे कॉलरने रुंद करून दिलेलं सगळं वाया.

---

खाडीकाठ:

सुरंगीताई, कर्नलचं उदाहरण मोठं आहे, पण ते शेजाऱ्याचं नाही, वाटेवरच्या अनोळखी माणसाचं आहे. युजर आणि कर्नल यांच्यामध्ये विश्वास नाहीच. तिथे रुंदीच नव्हे, प्रत्येक पॉइंटरसुद्धा (मेमरीतला पत्ता) तपासून घेतात. एकाच प्रोग्राममधली दोन फंक्शनं म्हणजे एकाच वाडीतली दोन घरं. वेशीवरचा नियम घराघरात लावला तर रोज दुप्पट घासणं होईल. चाळीस हाकांचा मुद्दा मात्र खरा आहे, त्यावर मी विचार केला नव्हता.

---

वेंगुर्ल्याचा वारा:

माका पटूक नाय, दोघांचांय.

प्रश्न कोणी घासायचं हा नाहीच. एवढ्याशा डाळीसाठी वाडीचा टोप काढायचा कशाला, हा आहे. फंक्शनचं आर्ग्युमेंट १६ बिटांचं ठेवायचं कारणच काय? रजिस्टर ३२ किंवा ६४ बिटांचं, त्यात १६ बिट पाठवून जागा वाचत नाही. लहान प्रकार शोभतात ते मेमरीत: स्ट्रक्चरमध्ये, ऍरेमध्ये, सेन्सरकडून आलेल्या पाकिटात. आकडा तिथून उचलला की तो इंट (सी मधला नेहमीचा पूर्णांक, तुमच्या बोर्डवर ३२ बिटांचा) करायचा, आणि फंक्शनाफंक्शनांत इंटच फिरवायचा. खाडीकाठ, तुमच्या फंक्शनने इंट घेतला असता तर तो भोंगा वाजलाच नसता. सी च्या नियमानेच कॉलरला चिन्ह पसरून ३२ बिट द्यावे लागले असते. तिथे एबीआयचा प्रश्नच नाही.

मी पंधरा वर्षं मायक्रोकंट्रोलरवर लिहितोय. नवीन मुलं जागा वाचेल म्हणून लूपचा मोजणारासुद्धा ८ बिटांचा ठेवतात. ३२ बिट आर्मवर त्याने उलट जादा सूचना येतात, कारण २५५ नंतर शून्यावर जायला हवं म्हणून कंपायलरला वरचे बिट पुसत राहावं लागतं.

---

कातळ:

वेंगुर्लेकरांचा सल्ला ३२ बिट यंत्रावर चांगला आहे, पण सगळीकडे धरू नका. आर्डुइनो उनोतला एटीमेगा ८ बिटांचा आहे. तिथे इंट १६ बिटांचा आणि त्याला दोन रजिस्टरं लागतात. तिथे ८ बिटांचा मोजणारा खरोखर स्वस्त पडतो. आणि ६४ बिट यंत्रावर इंट स्वतःच "लहान" प्रकार होतो! इंटेल-एएमडीच्या ६४ बिट यंत्रावर इंट आर्ग्युमेंट आलं की वरच्या ३२ बिटांची हमी नसते, लिनक्सवर नाही आणि विंडोजवरही नाही. तो इंट ऍरेचा निर्देशांक म्हणून वापरला की कॉलीला चिन्ह पसरणारी सूचना घालावी लागते. म्हणजे तुमचा वाद संपत नाही, १६ वरून ३२ वर सरकतो.

मी जुना माणूस, थोडं मागचं सांगतो, कारण हा प्रश्न कुठून आला ते त्यात आहे. सी च्या सुरुवातीच्या काळात प्रोटोटाइप, म्हणजे फंक्शन कोणत्या प्रकारची आर्ग्युमेंट घेतं ते आधी सांगणारी ओळ, नव्हते. कॉलरला पुढचं फंक्शन काय मागतंय हे दिसतच नसे. म्हणून भाषेनेच ठरवलं होतं: कॅरॅक्टर आणि शॉर्ट (इंटपेक्षा लहान पूर्णांक) पाठवताना इंट करा, फ्लोट पाठवताना डबल करा. म्हणजे आपल्या भाषेत पहिला रिवाज कॉलरने घासायचा, खाडीकाठ म्हणतात तोच. १९८९ च्या मानकात प्रोटोटाइप आले, आणि त्यानंतर लहान प्रकार लहान म्हणूनच पाठवायला वाट मिळाली. वरच्या बिटांचं काय, हे भाषेने सोडलं आणि ते प्रत्येक एबीआयच्या दारात जाऊन पडलं.

जुना रिवाज अजून एका ठिकाणी जिवंत आहे. प्रिंटएफसारख्या, कितीही आर्ग्युमेंट घेणाऱ्या फंक्शनांत. आणि तिथला सापळा ऐका. एक्झेकएल या, दुसरा प्रोग्राम सुरू करणाऱ्या कॉलला आर्ग्युमेंटांची यादी द्यायची आणि शेवटी नल पॉइंटर ठेवायचा. पुष्कळ जण तिथे नुसतं शून्य लिहीत. ३२ बिट यंत्रावर चालायचं. ६४ बिट यंत्रावर शून्य हा ३२ बिटांचा इंट, आणि घेणारा वाचतो ६४ बिटांचा पॉइंटर. वरचे ३२ बिट स्वच्छ असतील याची हमी कोणीच दिलेली नाही. असले तर यादी संपते, नसले तर घेणारा भलत्याच पत्त्यावर जातो. म्हणून तिथे कॅरॅक्टर पॉइंटरमध्ये बदललेलं शून्य लिहायचं असतं.

तसाच दुसरा घाव: मॅलॉकची (मेमरी मागून तिचा पत्ता देणारं फंक्शन) हेडर फाइल, म्हणजे त्याचा प्रोटोटाइप असलेली फाइल, विसरायची. कंपायलर गृहीत धरायचा की हे फंक्शन इंट परत देतं, आणि ६४ बिटांच्या पत्त्याचे वरचे ३२ बिट कापले जायचे. लहान प्रोग्राममध्ये मेमरीचा पत्ता खालीच असला तर काहीच दिसत नसे. प्रोग्राम वाढला की कोसळे. सी च्या मानकाने १९९९ मध्ये न सांगता फंक्शन वापरण्याची सोय काढली, पण कंपायलर कितीतरी वर्षं नुसता इशारा देत राहिले. क्लँग आणि जीसीसी हे दोन कंपायलर अनुक्रमे १६ आणि १४ या आवृत्त्यांपासून ती सरळ चूक धरतात. मला हा निर्णय फार उशिरा आला असं वाटतं. त्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करून माणसांच्या किती रात्री गेल्या असतील.

---

शिकाऊ:

मी दापोलीजवळच्या गावातून लिहितेय, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रश्न कदाचित सोपा असेल. दोघांनीही घासलं तर काय बिघडतं? एक सूचना म्हणजे किती वेळ?

---

सुरंगी:

शिकाऊ, प्रश्न सोपा नाही, बरोबर जागी बोट ठेवलंस. इंटेल-एएमडीच्या ६४ बिट लिनक्सवर जीसीसी नेमकं तेच करतो. लहान आर्ग्युमेंट पाठवताना ३२ बिटांपर्यंत रुंद करून देतो, आणि घेताना कोणावर न विसंबता स्वतःही रुंद करून घेतो. कारण तिथल्या सिस्टिम फाइव्ह मानकात, म्हणजे तिथल्या एबीआयमध्ये, शॉर्ट आणि कॅरॅक्टरबद्दल हे काम कोणाचं ते स्पष्ट लिहिलेलंच नाही. बूलबद्दल लिहिलंय: खालच्या ८ बिटांपैकी पहिला खरं-खोटं सांगणार, उरलेले सात शून्य, त्यावर काय आहे त्याची हमी नाही. बाकीच्यांबद्दल मौन.

क्लँगने दुसरी वाट घेतली. पाठवताना तो रुंद करून देतो, पण घेताना "समोरच्याने केलंच असेल" असं धरून चालतो. लेखी आधार नसताना. जीसीसी आणि क्लँग एकमेकांना हाक मारतात तोवर सगळं सुरळीत. तिसरा कोणी आला, एखादा वेगळा कंपायलर किंवा हाताने लिहिलेलं असेंब्ली, आणि त्याने मानक अक्षरशः वाचून वरचे बिट तसेच ठेवले, तर क्लँगने तयार केलेलं फंक्शन चुकणार. आणि दोष कोणाचा? मानक पाळणाऱ्याचा तर नक्कीच नाही.

म्हणून मी म्हणते की घेणाऱ्याने करावं. एका सूचनेची किंमत मला मान्य आहे. कचऱ्यावर चाललेल्या प्रोग्रामची किंमत मान्य नाही.

---

माडाची सावली:

इतका वेळ वाचत होतो. मी हौस म्हणून एका छोट्या भाषेचा कंपायलर लिहितोय, मागची बाजू, म्हणजे यंत्राच्या सूचना तयार करणारा भाग, एलएलव्हीएम या तयार संचाची. तिथून पाहिलं की या वादाची वेगळीच बाजू दिसते, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते.

एलएलव्हीएमच्या मधल्या भाषेत पूर्णांकाला चिन्ह नसतं. १६ बिट म्हणजे १६ बिट. तो उणे घेऊ शकतो की नाही ही माहिती प्रकारात नाही, तो कसा वापरला जातो त्यात आहे. भागाकार चिन्हाचा की बिनचिन्हाचा, तुलना कोणती, असं. आतल्या कामाला ही रचना फार सोयीची. पण फंक्शनच्या दारात ती अपुरी पडते. कॉलरने रुंद करायचं म्हटलं तर शून्यं भरून की चिन्ह पसरून? मागच्या बाजूला ते कळायला मार्गच नाही. म्हणून प्रत्येक आर्ग्युमेंटला पुढच्या बाजूने, म्हणजे भाषेच्या बाजूने, चिठ्ठी लावायची असते: "साइन एक्स्टेंड" किंवा "झीरो एक्स्टेंड". चिठ्ठी लावायची की नाही हे लक्ष्य यंत्रावर अवलंबून, आणि ते ज्ञान भाषा लिहिणाऱ्याने स्वतः बाळगायचं.

मी चिठ्ठ्या लावल्या नव्हत्या. माझ्या इंटेल लॅपटॉपवर आठ महिने एकही चाचणी पडली नाही. नंतर एका मित्राने तोच कंपायलर ६४ बिट पॉवरपीसीवर चालवला आणि सी च्या लायब्ररीला पाठवलेले उणे आकडे भलतेच पोचायला लागले. तिथे कॉलरने पूर्ण ६४ बिटांपर्यंत रुंद करून द्यायचं असतं, आणि समोरचा सी कोड ते गृहीत धरतो. माझा कंपायलर तसं करत नव्हता.

म्हणून खाडीकाठ, तुमचा "कॉलरने करावं" नियम ऐकायला चांगला आहे, पण तो पाळायला कॉलरला समोरच्याच्या आर्ग्युमेंटचं चिन्ह ठाऊक असावं लागतं. दोन भाषांच्या सीमेवर नेमकी हीच माहिती हरवते. कॉलीला स्वतःचं आर्ग्युमेंट काय आहे हे कधीच विसरता येत नाही. ते त्याच्या अंगणातलं आहे. मी सुरंगीताईंच्या बाजूचा.

---

वेंगुर्ल्याचा वारा:

माडाची सावली, हे माहीत नव्हतं. चांगलं लिहिलंत. पण पाहा, तुमच्या भाषेने सीमेवर फक्त रजिस्टरच्या रुंदीचे आकडे पाठवले असते तर चिठ्ठीच लागली नसती. कातळांनी इंटचं सांगितलं ते मान्य, तेवढा मी चुकलो. इंट नको म्हणू या, रजिस्टरएवढा प्रकार म्हणू या. मी माझ्या जागी ठाम आहे.

---

कातळ:

रजिस्टरएवढा प्रकार सगळीकडे लावलात तर फंक्शन वाचणाऱ्याला आकड्याची मर्यादा कशी कळणार? "इंट१६" हा शब्द मला सांगतो की हा आकडा ३२७६७ च्या वर जाणार नाही. तो कंपायलरसाठी लिहिलाय तितकाच माझ्यासाठीही लिहिलाय. ही माहिती पुसून यंत्राची सोय करायची, हे मला मान्य नाही.

---

शिकाऊ:

सगळ्यांचे आभार. आमच्या प्रयोगशाळेत आता रिस्क-फाइव्हचे (आर्म, इंटेलसारखंच आणखी एक प्रोसेसर घराणं) बोर्ड आलेत, मी त्यावर करून पाहिलं. ६४ बिट रिस्क-फाइव्हचा नियम असा वाचला: ३२ बिटांपेक्षा लहान आकडा आधी आपापल्या प्रकारानुसार ३२ पर्यंत रुंद करायचा, आणि मग ३२ चे ६४ करताना नेहमी चिन्ह पसरायचं. मी बिनचिन्हाचा ३२ बिटांचा आकडा मेमरीतून उचलून पुढच्या फंक्शनला पाठवणारं दोन ओळींचं फंक्शन लिहिलं. कंपायलरने उचलताना चिन्ह पसरणारी सूचना वापरली, शून्यं भरणारी नाही! आकडा बिनचिन्हाचा असताना. मला आधी कंपायलरची चूक वाटली, पण नियमात तसंच आहे. असं का केलं असेल?

---

माडाची सावली:

हे मलाही फार आवडलेलं आहे, म्हणून सविस्तर सांगतो. तिथल्या ३२ बिटांच्या सूचना, बेरीज वजाबाकी वगैरे, उत्तर मुळातच चिन्ह पसरून ६४ बिटांत ठेवतात. म्हणून सगळे ३२ बिटांचे आकडे, चिन्हाचे असोत की बिनचिन्हाचे, एकाच रूपात ठेवले की प्रत्येक गणितानंतर वेगळं साफ करावं लागत नाही.

मग बिनचिन्हाच्या तुलनेत घोटाळा होणार नाही का? होत नाही. २ चा ३१ वा घात येईपर्यंतचे आकडे जसेच्या तसे राहतात. त्यापासून वरचे सगळे आकडे ६४ बिटांच्या रेषेवर एकदम टोकाला जाऊन बसतात, पण आपापसातला क्रम सोडत नाहीत. लहान तो लहान, मोठा तो मोठा. त्यामुळे ६४ बिटांची बिनचिन्ह तुलना तशीच वापरता येते.

आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सीडॅकचा वेगा हे आपल्याकडचे प्रोसेसर याच घराण्यातले आहेत. तुझ्या वयाच्या मुलांना हे बोर्ड कॉलेजात हाताळायला मिळतायत याचा मला खरंच आनंद होतो.

---

खाडीकाठ:

दोन दिवस बोट बंद होती, पलीकडे अडकलो होतो, म्हणून उशीर.

माडाची सावली यांच्या प्रतिसादाने मला थांबवलं. दोन भाषांच्या सीमेवर कॉलरला चिन्ह ठाऊक नसतं, हा मुद्दा मी मानतो. माझंही तेच होतं: एका बाजूला सी, दुसऱ्या बाजूला असेंब्ली. असेंब्लीत तर प्रकार नावाची गोष्टच नाही. त्या फंक्शनच्या पहिल्याच ओळीला आता १६ बिटांचं चिन्ह ३२ पर्यंत पसरणारी एक सूचना घातली आहे. ऍपलच्या लॅपटॉपवर ती फुकट जाते, बोर्डवर लागते. दोन्हीकडे तोच मजकूर चालतो. तपासणीत उणे १८०, उणे १ आणि उणे ३२७६८ हे तीन आकडे कायमचे घातलेत, आणि आकडा पाठवण्याआधी मुद्दाम वरच्या बिटांत कचरा भरणारी दोन ओळींची चाचणीही लिहिली. खोलीच्या तापमानावर पुन्हा कधी विसंबणार नाही.

एका भाषेच्या आत, एकाच कंपायलरच्या हाताखाली, मी अजूनही कॉलरच्याच बाजूचा आहे. तिथे माहिती हरवत नाही. आणि कंपायलरला दोन्ही फंक्शनं एकदम दिसत असतील तर तो मधलं घासणं पुसूनही टाकतो. पण लायब्ररीच्या दारात, दुसऱ्या भाषेच्या दारात आणि कर्नलच्या दारात घेणाऱ्याने घासून घ्यावं. माझी रेषा मी तिथे सरकवतो.

---

सुरंगी:

दारांची यादी वाढत जाईल, खाडीकाठ. कुठलं फंक्शन उद्या लायब्ररीत जाईल हे आज लिहिताना कळत नाही. पण तुमची कचरा भरणारी चाचणी मी उचलतेय. आमच्याकडे अशी नाही.

---

शिकाऊ:

अजून एक शंका. रिस्क-फाइव्हवर तो बिनचिन्हाचा ३२ बिटांचा आकडा कॉलीने ६४ बिटांच्या बिनचिन्ह आकड्यात घातला, तर वरचे बिट परत शून्य करावे लागणार ना? कॉलरने नियमाने रुंद करून दिला तरीही?

---

माडाची सावली:

हो, करावे लागतात. मूळ सूचनासंचात त्याला एक सूचना पुरत नाही. आकडा ३२ घरं डावीकडे सरकवायचा आणि शून्यं भरत ३२ घरं उजवीकडे आणायचा, अशा दोन लागतात. तुमच्या बोर्डवर झेडबीए हा विस्तार असेल तर तेच एका सूचनेत होतं. कंपायलरला तो विस्तार चालू करून सांग आणि आधीची आणि नंतरची, सूचनांच्या दोन्ही याद्या शेजारी ठेवून बघ.